टक्के आणि टोणपे

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे शिकागो, मॅडिसन, मिनीॲपोलिस या पट्ट्यात, डिसेंबर लागला की मराठी मंडळींच्या गप्पा अलीकडे एका ठरावीक वळणावर येऊन अडकतात. पूर्वी नाताळच्या सुट्टीत कुठे जाऊन आलात असं विचारलं, की उत्तरात माणसं यायची, बर्फ यायचा, कुणाच्या तरी हातची पुरणपोळी यायची. आता उत्तरात टक्के येतात. ‘‘मॅडिसनला एकवीसवर पोहोचलो, तिथून पासष्ट करून निघालो, पण वारं समोरून होतं, टोमाला कसेबसे नऊवर टेकलो.’’ ऐकणारा नवखा असेल तर त्याला वाटतं, मुलाचा निकाल लागलेला दिसतो, आणि विषय बदललेला बरा. इलेक्ट्रिक गाडीने हिवाळ्यात लांबचा प्रवास करणाऱ्यांची ही नवी परिभाषा आहे. तिच्यात गावांची नावं येतात, पण गावात काय पाहिलं ते येत नाही. कारण पाहिलेला असतो तो चार्जर, आणि चार्जरच्या शेजारचं एक सुपरमार्केट.

या गप्पांत दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष पेट्रोलवाल्यांचा. त्यांच्या मते इलेक्ट्रिक गाडी म्हणजे उन्हाळी खेळणं. पारा शून्याखाली गेला की तिची बॅटरी मान टाकते आणि तिचा मालक हायवेच्या कडेला थिजलेल्या अवस्थेत सापडतो. दुसरा पक्ष नव्याने इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांचा. त्यांच्या मते काहीही फरक पडत नाही, आणि हे ते अंगात जाकीट, हातात मोजे, डोक्यात टोपी अशा अवस्थेत, स्वतःच्याच गाडीत बसून सांगतात. माझं म्हणणं दोन्ही पक्षांना आवडणार नाही. फरक पडतो, चांगलाच पडतो. पण तो फरक गाडीने निर्माण केलेला नाही. थंडीत माणसाला उबेत बसवून शेकडो किलोमीटर नेणं हे मुळातच महागडं काम आहे. पेट्रोलच्या गाडीने शंभर वर्षं त्याचं बिल आपल्याला दाखवलं नाही. इलेक्ट्रिक गाडी ते दाखवते, तेही दर मिनिटाला, ठळक आकड्यांत, डोळ्यांसमोर. आपली तक्रार आहे ती या बिलाबद्दल, आणि आपण ती करतो मात्र बॅटरीच्या नावाने.

पुरावा म्हणून एक जुनीच चाचणी घ्या. एएए ही अमेरिकन वाहनचालकांची संघटना १९०२ साली शिकागोतच स्थापन झाली, म्हणजे तिला थंडी कशाशी खातात हे कुणी शिकवायला नको. तिने २०१९मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या प्रयोगशाळेत रोलरवर चालवून पाहिल्या. तापमान उणे ७ अंश सेल्सिअस आणि हीटर चालू, अशा स्थितीत एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर सरासरी ४१ टक्क्यांनी घटलं. हा आकडा पेट्रोल पक्षाला तोंडपाठ असतो. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा कुणी उच्चारत नाही. तेच उणे ७, त्याच गाड्या, फक्त हीटर बंद, तर घट १२ टक्के. म्हणजे ४१मधले १२ टक्के निसर्गाने नेले. उरलेले २९ आपण नेले. आपल्या पायांनी, नाकाने, मागच्या सीटवरून दर दहा मिनिटांनी ‘‘अजून थोडं वाढव ना’’ म्हणणाऱ्या आवाजाने नेले. थंडीला चोर ठरवून आपण पोलिसांत तक्रार दिली, आणि तपासात निघालं की दोन-तृतीयांशाहून जास्त ऐवज घरातल्या माणसांनीच लंपास केला आहे.

यावर साहजिक प्रश्न येतो, की पेट्रोलच्या गाडीत हीटर नसतो का? असतो. आणि तिथेच सगळी गोम आहे. पेट्रोलचं इंजिन ही एक चूल आहे. तिच्यात जळणाऱ्या इंधनातली सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. ती उष्णता बनून रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. भाकरी भाजायला पेटवलेल्या चुलीची निम्मीअधिक धग स्वयंपाकघरातच पसरावी, असा हा प्रकार. उन्हाळ्यात त्या धगीला आपण शिव्या देतो, आणि हिवाळ्यात तिच्याभोवती गोल करून बसतो आणि म्हणतो, काय छान फुकटची ऊब आहे! इलेक्ट्रिक गाडी म्हणजे इंडक्शनची शेगडी. विजेतली बहुतेक सगळी ऊर्जा ती कामाला लावते, म्हणून स्वयंपाक झटपट होतो आणि स्वयंपाकघर मात्र गारच राहतं. आता ऊब हवी तर वेगळा हीटर लावा, आणि त्याची वीज वेगळी मोजा. शेगडीचा दोष इतकाच की ती उधळपट्टी करत नाही. उधळपट्टीतून मिळणाऱ्या फायद्याची सवय लागलेल्या माणसाला काटकसर ही कमतरता वाटते, हे तर घरोघरी दिसतं.

हा हिशेब आणखी जवळून पाहिला तर त्यातली गंमत कळते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे आपल्या वीजबिलात जी युनिटं छापून येतात तीच. पन्नास लिटरची टाकी म्हणजे साडेचारशे युनिटं. उलट एका चांगल्या, ऐसपैस इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी असते ७५ युनिटांची. म्हणजे ही गाडी जेमतेम आठ-सव्वाआठ लिटर पेट्रोलइतकी शिदोरी घेऊन निघते आणि बऱ्या हवेत तेवढ्यावर साडेचारशे किलोमीटर कापते. हे तिचं कौतुक आपण कधी करत नाही. आता कडक थंडीत हीटर ३ किलोवॉटने सहा तास चालला, तर १८ युनिटं गेली. पेट्रोलच्या भाषेत ती दोन लिटर. पन्नास लिटरच्या टाकीतून दोन लिटर गेले तर काटा हललेलासुद्धा दिसत नाही. ७५ युनिटांतून १८ गेली तर बॅटरीचा पाव भाग गेला, आणि गाडीत कौटुंबिक बैठक बसते. ऊब तेवढीच, खर्च तेवढाच. फरक एवढाच की एकाच्या खिशात चिल्लर खुळखुळत असते आणि दुसऱ्याच्या हातात मोजून दिलेले पैसे असतात.

या बैठकीचं कामकाज बघण्यासारखं असतं. चालकाने हीटर १८ अंशांवर लावलेला असतो आणि सीटचे हीटर चालू ठेवलेले असतात, कारण सीट गरम करायला काही दहा वॉट, फार तर शंभरेक वॉट लागतात आणि अख्ख्या केबिनमधली हवा गरम करायला त्याच्या कितीतरी पट. शास्त्र त्याच्या बाजूने असतं. शेजारी बसलेली व्यक्ती शास्त्राशी वाद घालत नाही. ती फक्त बोट पुढे करून १८चे २२ करते. मागे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील असतात. त्यातले बाबा म्हणतात, ‘‘आम्हाला काही थंडी वाजत नाही,’’ आणि हे वाक्य ते मफलरच्या आतून म्हणतात. चालकाची नजर रस्त्यावर कमी आणि ‘पोहोचताना शिल्लक’ या आकड्यावर जास्त. ११ होते, आता ९ झाले. तो गुपचूप वेग ११५वरून १०५वर आणतो. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून गाणं लावतो. मागून एक ट्रक हॉर्न देऊन पुढे जातो, आणि मग सगळ्यांच्याच लक्षात येतं.

उरलेले १२ टक्के मात्र खरोखर थंडीचे आहेत, आणि त्यांचंही कारण समजून घेतलं की निम्मा राग जातो. लिथियम बॅटरीत विजेची देवाणघेवाण होते ती आयनांच्या येण्याजाण्यातून, आणि थंडीत त्यांची वाट चिकट होते. अशा गारठलेल्या बॅटरीत जोराने वीज कोंबली तर लिथियम जिथे मुरायला हवं तिथे न मुरता धातूचा थर बनून वरच बसतं, आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडीतला संगणक चार्जिंगचा वेग स्वतःहून खाली आणतो. गारठलेली गाडी वेगवान चार्जरला जोडली, की पाटीवर लिहिलेल्या दीडशे किलोवॉटऐवजी चाळीस मिळताना दिसतात, आणि मालक चार्जर बसवणाऱ्याच्या कुळाचा उद्धार करतो. खरं तर चार्जर द्यायला तयार असतो, गाडीच घेत नसते. याला साधा उपाय आहे: वाटेतला चार्जर आधीच नकाशात मुक्काम म्हणून टाकायचा. म्हणजे बऱ्याच नव्या गाड्या तिथे पोहोचण्याआधी अर्धा तास बॅटरी स्वतःच तापवून ठेवतात. कुठे जायचं ते गाडीला वेळेवर सांगायचं, एवढीच तिची अपेक्षा. न कळवता दारात उभं राहिलेलं तिला खपत नाही, आणि खपावं का, हाही प्रश्नच आहे.

शिवाय थंड हवा जड असते. २० अंशांच्या मानाने उणे १५ अंशांची हवा सुमारे साडेतेरा टक्के जास्त दाट असते, आणि हायवेवर गाडीची बरीच ताकद हवेला बाजूला सारण्यातच जाते. हवेचा हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ताशी १०० ऐवजी १२०ने गेलं तर तो ४४ टक्क्यांनी वाढतो. हे सगळं पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे. अमेरिकन ऊर्जा खातं सांगतं, की शहरात चालवताना पेट्रोलच्या गाडीचं मायलेज २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी घसरतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे फुकट ऊब मिळूनही पेट्रोलवाल्याचा पाव भागापर्यंत ऐवज जाऊ शकतोच. पण हिवाळ्यात मायलेज पडलं म्हणून घरातल्या कुणी पंपावर उभं राहून आकडेमोड केल्याचं ऐकिवात नाही. पंपावरचा माणूस टाकी भरतो, कार्ड घासतो आणि निघतो. मोजत नाही त्याला काही कमी पडत नाही.

आता प्रत्यक्ष बेत आखू. शिकागो ते मिनीॲपोलिस अंतर सुमारे ६८० किलोमीटर. कागदावर ४८० किलोमीटर जाणारी गाडी घेऊ. हा कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत, सुखद हवेत काढलेला असतो, ही गोष्ट माहितीपत्रकात असते, फक्त ती वाचायला भिंग लागतं. उणे १० अंश, हायवेचा वेग, हीटर चालू, म्हणजे व्यवहारात ३०० किलोमीटर धरा. शिकागोहून घरच्या चार्जरवर १०० टक्के करून, प्लग लावलेला असतानाच केबिन गरम करून निघालं, की मॅडिसन येतं सुमारे २३५ किलोमीटरवर, आणि शिल्लक राहते वीस-एकवीस टक्के. तिथून टोमा १६० किलोमीटर, टोमाहून ओ क्लेअर १४० च्या आसपास, ओ क्लेअरहून मिनीॲपोलिस १५०. तीन थांबे, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटं. प्रत्येक ठिकाणी ६५-७०पर्यंतच भरायचं आणि उठायचं. कारण बॅटरी रिकामी असताना भराभर घेते आणि ८०च्या पुढे अशी रेंगाळते, की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. इथे मराठी स्वभाव आडवा येतो. टाकी म्हटली की ती काठोकाठ, असे आपले संस्कार. सत्तरला प्लग काढून निघणं म्हणजे पंक्तीतून अर्धपोटी उठणं वाटतं. अशा संस्कारी माणसाचे तीन थांबे तीन तासांचे होतात, आणि तो इलेक्ट्रिक गाडीला नावं ठेवतो.

थांब्यावरचं दृश्यही सुखावह नसतं, हे मान्य करायला हवं. उणे पंधरात चार्जरची जाड केबल ताठ झालेली असते. ती एका हाताने वळत नाही. दोन्ही हातांनी, कमरेचा टेकू देऊन वळवावी लागते. चार्जिंगच्या झाकणावर बर्फाचा पापुद्रा बसलेला असतो, तो मुठीने ठोकून काढायचा. कित्येक चार्जरांवर छप्पर नाही, हे पेट्रोलपंपाला केव्हाच सुचलेलं शहाणपण इथे अजून सर्वदूर पोहोचायचं आहे. पण केबल अडकवल्यावर माणूस तिथे उभा राहत नाही. पंपावर पाच मिनिटं वाऱ्यात नळी धरून उभं राहावं लागतं. इथे गाडी तापलेल्या केबिनसह आपली वाट बघते किंवा आपण दुकानात चहा शोधतो. तो मिळत नाही, कॉफी मिळते, पण हे दुःख चार्जिंगच्या खात्यात मांडणं अन्याय होईल. आणि गंतव्यस्थानी पोहोचल्यावर यजमानांकडे पाण्याआधी प्लग मागावा लागतो. अमेरिकेतला भिंतीवरचा साधा प्लग दीड किलोवॉटच्या आतबाहेर वीज देतो, आपल्याकडच्या गीझरच्या प्लगच्या निम्मी. रात्रभर लावून सकाळी पाहिलं तर वीस टक्के चढलेले असतात. त्यामुळे मुक्काम दोन दिवसांचा करावा लागतो, आणि यजमानांचा उत्साह तेवढा टिकतो का, हे गाडीचं ॲप सांगत नाही.

पहिला गंभीर आक्षेप असा, की एवढी आकडेमोड करायची तर गाडी कशाला हवी? पेट्रोलला असलं काही लागत नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने एकदा विनिपेगला जावं. कॅनडाच्या त्या शहरात जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जाणं नवलाचं नाही, आणि तिथल्या पेट्रोलच्या गाड्यांच्या नाकातून एक वायर लोंबत असते. ती असते ब्लॉक हीटरची. रात्री ती भिंतीच्या प्लगला जोडून इंजिन कोमट ठेवलं नाही तर सकाळी ते जागं होत नाही. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन या इंजिनिअरने हे उपकरण १९४०च्या दशकात काढलं, आणि तिकडच्या पार्किंगमध्ये गाड्यांसाठी वीज पुरवणारे खांब उभे आहेत. म्हणजे रात्री गाडी प्लगला लावायची ही ‘नवी कटकट’ तिथल्या पेट्रोलवाल्यांनी कित्येक दशकं बिनतक्रार केली आहे. आपल्याकडे लडाखमध्ये डिझेल गोठतं, म्हणून ट्रकवाले टाकीखाली आग पेटवत आले आहेत. इंधनाच्या टाकीखाली जाळ करणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही, आणि बॅटरी तापवणाऱ्याला मात्र म्हणतात. उणे ३३ अंशांतही वाहतं राहील असं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी आणलं ते २०१९मध्ये. तोवर नियोजन काड्यापेटीने होत होतं, आणि तेही नियोजनच होतं.

दुसरा आक्षेप जिवाचा आहे, म्हणून त्याची थट्टा करून चालणार नाही. बर्फात रस्ता बंद पडला आणि गाडी तासन्‌तास अडकली, तर? जानेवारी २०२२मध्ये व्हर्जिनियात आय-९५ हायवेवर असंच झालं. हिमवादळात ट्रक आडवे झाले, सुमारे पन्नास मैलांचा पट्टा ठप्प झाला आणि लोक रात्रभर गाडीतच राहिले. सिनेटर टिम केन वॉशिंग्टनला पोहोचले ते २७ तासांनी. लगेच चर्चा सुरू झाली, की या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक असत्या तर काय झालं असतं? गणित करून बघा. उभ्या गाडीत ऊब टिकवायला दीड-दोन किलोवॉट पुरतात; अर्ध्या भरलेल्या ७५ युनिटांच्या बॅटरीवर अठरा ते पंचवीस तास निघतात, आणि हीटर मधूनमधून बंद ठेवून सीट गरम ठेवली तर त्याहून जास्त. पेट्रोलचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला लिटरभराच्या आसपास जातं, म्हणजे अर्ध्या टाकीवर साधारण पंचवीस तास. दोघं जवळपास एकाच नावेत. वर पेट्रोलच्या गाडीचा सायलेन्सर बर्फाने बुजला तर विषारी वायू आत शिरण्याचा धोका, जो इलेक्ट्रिकला नाही. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे पेट्रोलच्या बाजूला टाकायला हवी: संपलेल्या टाकीसाठी कुणीतरी डबा भरून आणू शकतो, संपलेल्या बॅटरीसाठी डबाभर वीज आणता येत नाही. म्हणून निष्कर्ष एवढाच, की वादळाच्या दिवशी दहा टक्क्यांवर निघू नये. हा सल्ला दहा टक्के पेट्रोलवर निघणाऱ्यालाही लागू आहे, फक्त त्याला तो कुणी देत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. चार्जरच नसेल, बंद असेल किंवा रांग असेल, तर सगळं नियोजन बर्फात. जानेवारी २०२४मध्ये शिकागोत नेमकं हेच जगाने पाहिलं. पारा उणे अठराच्याही खाली, चार्जिंगच्या जागी लांबच लांब रांगा, काही चार्जर बंद, गारठलेल्या बॅटऱ्या सावकाश वीज घेतायत, आणि रांगेतच काही गाड्या मान टाकतायत. ट्रकवर चढवून नेलेल्या गाड्यांची चित्रं पुढे कित्येक दिवस मोबाइलवरून फिरली, आणि पेट्रोल पक्षाने ती आप्तेष्टांना दिवाळीच्या शुभेच्छांइतक्या आपुलकीने पाठवली. हे संकट खोटं नव्हतं. ज्याच्या घरी गॅरेज आहे आणि गॅरेजात प्लग आहे, त्याला नियोजनाची प्रवचनं देणं सोपं जातं. चौथ्या मजल्यावर राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला रोजची भाजी आणायलाच चार्जरच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्याने यातली सगळी पथ्यं पाळली तरी त्याची गाडी रात्रभर उघड्यावर गारठणारच. अशा माणसाने अजून दोन-तीन हिवाळे पेट्रोलवर काढले तर त्यात गैर काहीच नाही.

पण शिकागोत जे बिघडलं ते बॅटरीचं रसायन होतं, असं मानायचं तर नॉर्वेचं काय करायचं? तिथे २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि नॉर्वे हे काही रत्नागिरीच्या अक्षांशावर नाही. तिथली वाहनचालकांची संघटना २०२०पासून दर हिवाळ्यात नव्या इलेक्ट्रिक गाड्या बर्फात, डोंगरात, वीज संपून बंद पडेपर्यंत चालवते आणि कागदावरचा आकडा व खरा आकडा शेजारी शेजारी छापते. ईस्टरच्या सुट्टीत सगळं ऑस्लो डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघतं तेव्हा तिथेही चार्जरवर रांगा लागतात. पण त्या रांगेत कुणी देशोधडीला लागल्यासारखं वागत नाही. तिथल्याच हार्डांगरविद्दाच्या पठारावर वादळात बर्फ काढणाऱ्या वाहनामागे ताफा करूनच पलीकडे जाता येतं. निघायचं कधी, हे गाडीचा मालक नव्हे, रस्ता सांभाळणारे ठरवतात. पेट्रोल असो की वीज, सगळ्यांना सारखाच नियम. कुणी म्हणेल, नॉर्वे श्रीमंत आहे, करसवलती दिल्या, आणि हा पैसा आला कुठून, तर तेल विकून. अगदी खरं. जगाला तेल विकायचं आणि स्वतः विजेवर फिरायचं, असा पक्का दुकानदार दुसरा नाही. पण या आक्षेपातूनही एवढंच सिद्ध होतं, की अडचण पैशाची, चार्जरच्या संख्येची आणि सवयीची आहे, आयनांची नाही.

शेवटचा आक्षेप काव्यात्म आहे. गाडी म्हणजे स्वातंत्र्य. मनात आलं की किल्ली फिरवली आणि निघालो, ही मजा टक्के मोजण्यात मरते. यावर फक्त एवढंच विचारावं, की कुठलं मराठी कुटुंब मनात आलं म्हणून डिसेंबरात निघालं आहे? निघायचा दिवस महिनाभर आधी ठरतो. आदल्या रात्री धपाटी होतात, दशम्या होतात, दही नको, सांडेल, यावर चर्चा होते. सकाळी सहाला निघायचं म्हणून सगळे आठला तयार होतात. वाटेत लहान मूल आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा या दोघांचीही क्षमता कुठल्याही बॅटरीपेक्षा कमी असते. दोन तासांनी थांबावं लागतंच. पूर्वी घरचे वैतागत थांबायचे, आता चार्जिंगच्या निमित्ताने थांबतात. थांब्यांचा वेळ मिनिटामिनिटाने मोजला तर पेट्रोलच्या तुलनेत या प्रवासात साधारण तासभर जास्त जातो. तो तास खरा आहे, आणि एकट्याने रात्रीत मजल मारणाऱ्या तरुणाला तो बोचणारच. पण बहुतेक वेळा मरतं ते स्वातंत्र्य नसतं. ‘शिकागो ते मिनीॲपोलिस एका दमात, साडेपाच तासांत’ असं जेवणाच्या टेबलावर सांगण्याचं सुख मरतं. त्याला पर्याय अजून निघालेला नाही. टक्केवाल्यांच्या गप्पा हा त्यावरचाच दुबळा प्रयोग आहे.

या सगळ्याचा पुण्या-नागपूरच्या वाचकाला उपयोग काय? उलटा उपयोग. तिकडच्या बर्फातली चित्रं इकडे फिरतात आणि नाशिकचा गृहस्थ म्हणतो, थंडीत या गाड्या चालत नाहीत म्हणे. महाराष्ट्राचा डिसेंबर म्हणजे दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश, बॅटरीला मानवणारी हवा. ना हीटर, ना फारसा एसी. लांबच्या इलेक्ट्रिक प्रवासासाठी याहून चांगला ऋतू जगात शोधून सापडणार नाही. त्याच एएएच्या चाचणीत ३५ अंशांना एसी लावल्यावर अंतर १७ टक्क्यांनी घटलं होतं, म्हणजे आपली खरी परीक्षा मे महिन्यात विदर्भात आहे. तिथेही न्याय तोच: एसी बंद ठेवला तर घट फक्त ४ टक्के होती. ऋतू बदलला तरी आरोपी बदलत नाही.

तेव्हा इलेक्ट्रिक गाडी घ्यायला शोरूममध्ये गेल्यावर, एका चार्जमध्ये किती जाते, हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही. तो छापील आकडा सांगेल आणि तो खोटाही नसेल. प्रश्न घरी येऊन विचारावा. हिवाळ्यात घरातल्या प्रत्येकाला हीटर किती अंशांवर लागतो, हे एकेकाकडून कागदावर सहीनिशी लिहून घ्यावं. त्यातला सगळ्यात मोठा आकडा हीच त्या गाडीची खरी रेंज असते. आणि तो आकडा कुणाचा निघाला, यावर प्रवासात अवाक्षर काढू नये, नाहीतर मॅडिसनच्या आधीच थांबावं लागतं, आणि तिथे चार्जरही नसतो.